गुडघ्यातील चुंबळ

भिलाईच्या उत्तरेस वीस-पंचवीस किलोमीटरांवर, दुर्ग जिल्ह्यात, अहिवारा ही वस्ती आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्या भट्टीला लोहखनिज आले ते दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून आणि चुनखडी आली ती अहिवाऱ्याला लागून असलेल्या नंदिनीच्या उघड्या खाणीतून. खनिजातील माती आणि वाळू चुनखडी आपल्याकडे ओढून घेते, तिची मळी बनते, आणि खाली लोखंड उरते. पोलादाचा इतिहास लिहिताना ही सारी माहिती नोंदली जाते. परंतु दगड फोडणाऱ्या, दगड उचलणाऱ्या आणि उकिडवे बसून दिवस काढणाऱ्या माणसाच्या गुडघ्याची नोंद कोणी फारशी ठेवीत नाही. खाणींत यंत्रे आली, तरी भोवतालच्या शिवारात भाताची रोवणी वाकूनच होते, निंदणी बसूनच होते, आणि घरात चुलीपुढची बैठकही जमिनीवरचीच असते. पन्नाशी आली की या साऱ्याचा हिशेब गुडघा मागू लागतो.

'गुडघ्यातले वंगण आटले' असे या दुखण्याचे वर्णन आपल्याकडे सर्रास केले जाते. वर्णन चित्रमय आहे, पण ते पुरेसे खरे नाही. गुडघ्यात वंगणासारखा द्रव असतो हे खरे. तथापि संधिझिजेने दुखणाऱ्या गुडघ्यात तो पुष्कळदा कमी नसून जास्तच झालेला आढळतो. गुडघ्याला सूज येते ती त्यामुळेच. दोष शोधावयाचा तर तो वंगणात न शोधता, दोन हाडांच्या मध्ये बसविलेल्या एका लहानशा गादीत शोधला पाहिजे. ती गादी फाटणे ही एक गोष्ट, आणि ती आपल्या जागेवरून बाहेर सरकणे ही दुसरी. अलीकडच्या तीस वर्षांतील संशोधनाने जे दाखविले आहे ते असे की, फाटण्याइतकेच, कदाचित त्याहूनही अधिक महत्त्व सरकण्याला आहे.

गुडघ्याची रचना थोडी विचित्रच म्हणावी लागेल. वरचे मांडीचे हाड खालच्या टोकाला दोन गोल उंचवट्यांचे होते. खालच्या नडगीच्या हाडाचा माथा मात्र जवळजवळ सपाट असतो. गोल वस्तू सपाट वस्तूवर ठेवली की ती एका बिंदूपुरतीच टेकते, आणि सारा भार त्या बिंदूवर येतो. हीच अडचण डोक्यावर घागर घेणाऱ्या स्त्रीपुढेही असते, आणि तिने त्यावर काढलेला तोडगा सर्वांच्या परिचयाचा आहे. जुन्या लुगड्याचा पिळा करून ती त्याची चुंबळ वळते. घागरीचा गोल बूड त्या कड्यात बसतो, भार कड्याभर पसरतो, आणि टाळूला टोचत नाही. गुडघ्यात निसर्गाने अशाच दोन चुंबळी ठेवल्या आहेत. त्या पूर्ण गोल नसून अर्धचंद्राच्या आकाराच्या आहेत. एक आतल्या बाजूस, दुसरी बाहेरच्या बाजूस. बाहेरची कड जाड आणि आतली कड पातळ, म्हणजे त्यांचा छेद पाचरीसारखा दिसतो. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिच्याहून हा पदार्थ निराळा, अधिक चिवट आणि तंतुमय असतो. शास्त्रज्ञ तिला मेनिस्कस म्हणतात. दवाखान्यातील डॉक्टर रोग्याला समजावे म्हणून 'गादी' म्हणतात. गादी हा शब्द रूढ झाला असला तरी तो थोडा फसवा आहे. गादी नुसती दबते. चुंबळ ताणही सोसते. तिचे खरे काम या ताण सोसण्यात आहे.

चुंबळीवर घागर ठेवली की घागरीचा भार चुंबळीला चहूकडे बाहेर ढकलू पाहतो. पिळा घट्ट असेल, त्याची टोके नीट खोचलेली असतील, तर चुंबळ पसरत नाही. तिच्या धाग्यांत गोलाकार ताण निर्माण होतो आणि तो ताणच भार पेलतो. बैलगाडीच्या चाकावर लोहार तापवून चढवितो ती लोखंडी धाव हेच काम करते: आऱ्यांचा बाहेर ढकलणारा रेटा ती आवळून धरते. गुडघ्यातील अर्धचंद्रातही बहुतेक तंतू याच रीतीने गोलाईच्या दिशेने धावतात, आणि त्यांची दोन्ही टोके, पुढचे आणि मागचे, नडगीच्या हाडात घट्ट रोवलेली असतात. या टोकांना मुळे म्हणतात, आणि हे नाव अगदी यथार्थ आहे. मुळे शाबूत तोवर अर्धचंद्र जागेवर. मूळ उपटले की पिळा सुटलाच.

या दोन चुंबळी किती भार वाहतात? पाय सरळ असताना गुडघ्यातून जाणाऱ्या भारापैकी सुमारे निम्मा भार त्यांच्यातून जातो. गुडघा काटकोनात वाकला की हे प्रमाण सुमारे पंच्याऐंशी टक्क्यांपर्यंत चढते. म्हणजे उभ्या माणसापेक्षा बसता-उठता माणूस या लहानशा तुकड्यांवर अधिक विसंबून असतो. शिवाय गुडघा वाकताना हे अर्धचंद्र हाडाबरोबर मागे सरकतात. बाहेरचा सुमारे सेंटिमीटरभर, आतला त्याच्या निम्म्याने. आतला अर्धचंद्र बाजूच्या बंधांना अधिक घट्ट जोडलेला असल्यामुळे त्याला मोकळीक कमी. उकिडवे बसताना त्याचा मागचा भाग दोन हाडांच्या चिमट्यात सापडतो, आणि फाटण्याचे बहुतेक प्रकार तेथेच घडतात, हा योगायोग नव्हे. त्यात भर अशी की, या गादीच्या बाहेरच्या कडेपुरतेच रक्त पोचते. आतल्या भागाला रक्तवाहिन्या नाहीत. तेथे पडलेली चीर आपण होऊन भरून येत नाही.

एवढ्या उपयोगी अवयवाची वैद्यकाने बराच काळ उपेक्षा केली, ही मोठी नवलाची गोष्ट आहे. इंग्लंडातील सटन या नामांकित शल्यविशारदाने १८९७ मध्ये या अर्धचंद्रांना पायाच्या कुठल्याशा स्नायूचे निरुपयोगी अवशेष ठरविले. त्याच्या चौदा वर्षे आधी, १८८३ मध्ये, एडिंबरोला टॉमस ॲनंडेल याने त्याच्या अगदी उलट वागून दाखविले होते. त्याच्याकडे आलेला रोगी खाणकामगार होता. त्याच्या गुडघ्यातील आतल्या अर्धचंद्राचे पुढचे टोक हाडापासून सुटून मागे सरकले होते. ॲनंडेलने तो तुकडा कापून फेकला नाही. त्याने तो ओढून जागेवर आणला आणि तातीच्या धाग्याने टाके घालून बसविला. तो कामगार पुन्हा आपल्या कामावर गेला. सरकलेल्या गादीवर केलेली ही पहिली नोंदलेली दुरुस्ती होय. परंतु जगाने अनुकरण केले ते सटनच्या मताचे. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे गादी दुखली की ती समूळ काढून टाकणे हाच राजमार्ग समजला गेला. अर्धी काढणारा शल्यविशारद कामचुकार ठरे.

याला पहिला धक्का दिला तो फेअरबँक या इंग्रज डॉक्टराने, १९४८ मध्ये. गादी काढलेल्या शंभरावर गुडघ्यांची क्ष-किरण चित्रे त्याने पाहिली. पुष्कळ चित्रांत त्याला तीन खुणा आढळल्या: हाडाच्या कडेला एक कंगोरा उठलेला, मांडीच्या हाडाचा गोल उंचवटा चपटा झालेला, आणि दोन हाडांमधली फट अरुंद झालेली. फेअरबँकने भाषा मोठी सावध वापरली. पण अर्थ उघड होता. चुंबळ काढली की घागर टाळूवर टेकते. पुढे प्रयोगशाळेत दाब मोजण्याची साधने आली तेव्हा दिसून आले की आतला अर्धचंद्र पुरता काढला तर हाडांचा एकमेकांना टेकण्याचा पृष्ठभाग सुमारे पाऊणाने घटतो आणि सर्वाधिक दाब दुपटीहून अधिक वाढतो. १९६२ मध्ये टोकियोचे मासाकी वातानाबे यांनी दुर्बिणीतून पाहून गादीचा फाटका तुकडा तेवढाच काढला, आणि 'सगळे काढा' हा दंडक हळूहळू मागे पडला.

येथवरची कथा काढलेल्या गादीची झाली. सरकलेल्या गादीची कथा चुंबकीय प्रतिमा घेणारे एम.आर.आय. यंत्र आल्यानंतरच नीट कळू लागली, कारण क्ष-किरणांच्या चित्रात गादी मुळी दिसतच नाही. त्या चित्रात दोन हाडांमध्ये जी काळी फट दिसते ती रिकामी नसते. तिच्यात कूर्चा आणि गादी दोन्ही असतात, पण दोघीही क्ष-किरणांना पारदर्शक. फट अरुंद झाली की 'कूर्चा झिजली' असे अनेक दशके सरधोपट म्हटले जात होते. १९९९ नंतरच्या अभ्यासांनी त्यात मोठी दुरुस्ती केली. फट अरुंद होण्याचा बराचसा वाटा कूर्चेच्या झिजेचा नसून गादी बाहेर सरकल्याचा असतो. पाचर निसटली की दोन फळ्या जवळ येतात, तशातला हा प्रकार. रोग्याला दाखविलेल्या एकाच चित्राचा अर्थ असा बदलला.

नडगीच्या हाडाच्या कडेपासून गादी तीन मिलिमीटर किंवा अधिक बाहेर आली तर ती सरकली असे सामान्यतः मानतात. तीन मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या निम्म्याएवढे अंतर. पण पाचरीचे काम बिघडविण्यास तेवढे पुरते. गादी बाहेर का येते, याची कारणे एकाहून अधिक आहेत. गोलाईचे तंतू आडवे तुटले तर येते. वयाने आणि भाराने ती आतून सैल झाली तरी येते. आणि सर्वांत ठळक म्हणजे तिचे मागचे मूळ उपटले तर येते. हा मूळ उपटण्याचा प्रकार मोठ्या अपघाताने होतो असे नाही. पन्नाशीच्या आसपासची स्त्री जमिनीवरून उठताना, किंवा जिन्याची एक पायरी उतरताना, गुडघ्याच्या मागे 'कट्' असा आवाज होतो, कळ येते, आणि काही आठवड्यांत ती कळ बरीच ओसरते. कोरिया आणि जपान येथील डॉक्टरांनी या प्रकाराचे फार बारकाईने वर्णन केले आहे, आणि त्याचे कारण तेथील घरांतही बैठक जमिनीवरचीच होती यात असावे. कळ ओसरल्यामुळे तो प्रसंग विसरला जातो. गुडघ्यात मात्र नवीच परिस्थिती सुरू झालेली असते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मृत देहांच्या गुडघ्यांत आतल्या अर्धचंद्राचे मागचे मूळ तोडून दाब मोजला, तेव्हा तो गादी पुरती काढून टाकल्यावर होणाऱ्या दाबाइतकाच भरला. गादी तेथे अख्खी होती, पण असून नसल्यासारखी. मूळ पुन्हा शिवले तेव्हा दाब पूर्ववत झाला.

आता खरा वादाचा प्रश्न. गादी सरकल्यामुळे संधिझीज होते, की संधिझीज झाल्यामुळे गादी सरकते? दोन्ही पक्षांना पुरावा आहे. झिजलेल्या गुडघ्यात हाडाच्या कडेला नवे काटे फुटतात, पाय धनुष्यासारखा बाहेर वाकतो, भार आतल्या बाजूस एकवटतो, आणि हे सारे मिळून गादीला बाहेर लोटतात. म्हणून नुसते एकत्र आढळणे हा कार्यकारणाचा पुरावा ठरत नाही. पण ज्यांचे गुडघे क्ष-किरण चित्रात निरोगी आहेत अशा लोकांकडे पुढे काही वर्षे पाहत राहिले तर काय दिसते? नेदरलंड्समध्ये पन्नास ते साठ वयाच्या, वजन अधिक असलेल्या स्त्रियांचा असा अभ्यास झाला. ज्यांची गादी आरंभीच सरकलेली होती त्यांच्यात अडीच वर्षांच्या आत संधिझीज अधिक प्रमाणात उद्भवली. अमेरिकेतील मोठ्या पाहण्यांनीही हाच कल दाखविला. तेव्हा गादी आधी आणि झीज नंतर, हा क्रम पुष्कळ रोग्यांत तरी खरा धरला पाहिजे. आणि एकदा झीज सुरू झाली की ती गादीला आणखी ढकलते, हेही तितकेच खरे. एकमेकींना ओढणाऱ्या दोन सवतींसारखे हे नाते आहे; भांडण कोणी सुरू केले हे कळले तरी ते थांबत नाही.

मग खाणीचा आणि शेताचा यात हात किती? केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघा ब्रिटिश संशोधकांनी १९५२ मध्ये कोळशाच्या खाणीतील मजुरांची तपासणी केली. कार्यालयात काम करणाऱ्यांपेक्षा खाणकामगारांच्या गुडघ्यांत झीज अधिक, असे त्यांना आढळले. क्ष-किरण चित्रावरून संधिझिजेच्या पायऱ्या ठरविण्याची जी पद्धत आजही सर्व जगात वापरात आहे, ती याच दोघांनी १९५७ मध्ये घालून दिली. ब्रिटिश सरकारने मात्र कोळसा-खाणकामगारांची गुडघ्याची संधिझीज व्यवसायजन्य रोगांच्या यादीत घातली ती २००९ मध्ये. म्हणजे पुरावा आणि भरपाई यांच्यामध्ये सत्तावन वर्षे गेली. तोवर त्या देशातल्या बहुतेक खाणी बंदही पडल्या होत्या. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून सांधेदुखीची घरोघर पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांच्या या पाहणीने दाखविले की खेड्यात सांधेदुखी हा दुर्मीळ आजार नसून रोजचा सोबती आहे, आणि त्यात गुडघ्याचा क्रमांक बराच वरचा आहे. उकिडवे बसणे आणि त्याच अवस्थेतून ओझे उचलून उठणे, यांतील दुसरी गोष्ट अधिक घातक. केवळ मांडी घालून जेवायला बसल्याने कोणाचा गुडघा गेला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल.

येथे एका भीतीचेही निरसन करणे अवश्य आहे. हल्ली मोठ्या शहरांत गुडघा दुखला की एम.आर.आय. काढला जातो, आणि अहवालात 'गादी फाटली आहे' हे वाक्य आले की घरात धरणीकंप होतो. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावी पन्नास ते नव्वद वयाच्या ९९१ लोकांचे गुडघे असे तपासले गेले. साठीच्या आतल्या स्त्रियांत सुमारे एकपंचमांश, तर सत्तरीच्या पुढील पुरुषांत निम्म्याहून अधिक लोकांची गादी फाटलेली निघाली. आणि अशा लोकांपैकी एकसष्ट टक्क्यांना मागल्या महिन्याभरात गुडघ्याचा काहीही त्रास झालेला नव्हता. पिकल्या केसांसारखेच ते एक वयाचे लक्षण म्हणावयाचे. २०१३ मध्ये फिनलंडमधील डॉक्टरांनी आणखी एक धीट प्रयोग केला. संधिझीज नसलेल्या, पण वयोमानाने गादी फाटलेल्या १४६ रोग्यांपैकी काहींचा फाटका तुकडा दुर्बिणीतून खरोखर काढला, आणि काहींवर रोग्याला न कळेल अशा रीतीने शस्त्रक्रियेचा नुसता देखावा केला. वर्षाअखेर दोन्ही गट सारखेच सुधारले होते. म्हणून वय झाल्यावर आपोआप फाटलेली गादी छाटण्याची घाई करू नये, असेच आता बहुतेक जाणते डॉक्टर सांगतात. छाटल्याने चुंबळ आणखी बारीक होते, एवढेच. गुडघा मध्येच अडकून बसत असेल, सरळच होत नसेल, तर गोष्ट निराळी.

उपाय काय, या प्रश्नाचे उत्तर नाट्यपूर्ण नाही. वजन कमी करणे हा पहिला. स्थूल माणसाचे वजन एक किलो उतरले तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो, असे मोजून पाहिलेले आहे. दिवसाची पावले हजारांनी मोजावयाची, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या चार किलोंची किंमत कळते. मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळ आणणारा व्यायाम हा दुसरा. खुर्चीवर बसून पाय सरळ करून काही क्षण धरून ठेवणे यात कौशल्य काही नाही, पण तो महिनोन्महिने करावा लागतो, आणि तेथेच बहुतेकांचे घोडे अडते. निंदणीला उकिडवे बसण्याऐवजी वीतभर उंचीचा पाट घेणे, चूल ओट्यावर नेणे, संडासात उंच आसन बसविणे, जड टोपली दोघांनी मिळून उचलणे, हे उपाय औषधाच्या दुकानात मिळत नाहीत, म्हणूनच कदाचित कोणी लिहून देत नाही. वंगण म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या आणि तेले यांवर मात्र गरीब माणसाची मजुरी भरपूर खर्ची पडते.

गादीचे मूळ उपटले असेल आणि कूर्चा अजून चांगली असेल, तर ते मूळ पुन्हा हाडाला शिवता येते. नडगीच्या हाडात बारीक बोगदा पाडून त्यातून दोरा ओवतात आणि सुटलेले टोक ओढून बसवितात. ॲनंडेलने खाणकामगारावर केले ते याहून तत्त्वतः निराळे नव्हते. जपानी शल्यविशारदांनी सरकलेली गादी कडेपाशी ओढून हाडाशी टाचून ठेवण्याची रीतही काढली आहे. या शस्त्रक्रियांनी पुढची झीज मंदावते असे दिसते. गादी मात्र पुष्कळदा पूर्णपणे मूळ जागी परतत नाही, आणि रोग्याला कित्येक आठवडे पायावर भार न देता काढावे लागतात. रोजंदारीवर जगणाऱ्याला हे आठवडे शस्त्रक्रियेहूनही महाग पडतात.

झीज पुरती झाली म्हणजे उरतो तो कृत्रिम गुडघा. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलण्यात आला, तेव्हा या शस्त्रक्रियेचे नाव देशातल्या घराघरांत पोचले. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या सुट्या भागांच्या किमतीवर मर्यादा घातली आणि त्या पुष्कळ उतरल्या. तरीही धातूच्या गुडघ्याने शेतात उकिडवे बसून निंदणी करता येत नाही, हे शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

अहिवाऱ्यासारख्या ठिकाणी, जेथे एम.आर.आय. साठी भिलाई किंवा रायपूरची वाट धरावी लागते, तेथे पहिली तपासणी कानानेच होऊ शकते. उठताना किंवा पायरी उतरताना गुडघ्याच्या मागे 'कट्' असा आवाज झाला होता का, आणि तो केव्हा, एवढे डॉक्टरने विचारावे आणि रोग्याने आठवणीने सांगावे. त्या आवाजानंतरचे पहिले काही आठवडे असे असतात की, त्या मुदतीत सुटलेले टोक पुन्हा बांधण्याजोगे असते.